पांढरं कशाला धरायचं

रविवार, ६ ऑक्टोबर २०१३

उल्हास सकाळी येऊन कॅमेरा देऊन गेला. माझा जुना विद्यार्थी, आता जर्मनीत असतो. त्यानं नवा घेतला आणि जुना मला आणून दिला. नको नको म्हणत घेतला. खरं म्हणजे दोन्ही हातांनी घेतला.

दिसायला माझ्या रोलवाल्या कॅमेऱ्याचा धाकटा भाऊच. लेन्समधून बघायचं नाही, वरच्या कोपऱ्यातल्या खिडकीतून बघायचं. खिडकीच्या मधोमध एक लहानसा चौकोन, त्यात एकाच्या दोन प्रतिमा दिसतात. कडं फिरवून त्या एकावर एक आणल्या की फोकस झाला. हे काम अजून माणसाकडेच ठेवलंय म्हणून मी त्या कंपनीचा आभारी आहे. बाकी ठिकाणी त्यांनी घोळ घातलाच आहे. शटरच्या चकतीवर आकड्यांच्या रांगेत एक लाल A. त्यावर ठेवलं की किती वेळ उघडायचं ते कॅमेरा ठरवणार. मेनूत आणखी एक, ‘पांढरा रंग : आपोआप’. याचं मला हसू आलं. पस्तीस वर्षं वनस्पतींचे रोग पाहण्यात घालवली, आता पांढरं म्हणजे काय हे मला यंत्र सांगणार. मी मुकाट्यानं सगळं हातावर घेतलं आणि रंगाच्या जागी ‘ऊन’ निवडून टाकलं. उन्हात जे जसं दिसतं तसं ते असतं.

कौमुदीला फोन केला. आमची लेक, इथे लखनौतच वाढलेली, आता पुण्याच्या एका छापखान्यात चित्रांच्या पुस्तकांची रंगदुरुस्ती करते, त्यामुळे तिला माझ्यापेक्षा जास्त आनंद. तिनं लगेच कामाला लावलं. १९ जानेवारीला नंदाला साठ पूर्ण होतात. “बाबा, हर हफ़्ते आई का एक फोटो भेजिए. मी पुस्तक बनवते. पोज़ नको हाँ, आई जशी आहे तशी.”

नंदा म्हणाली, “माझे कसले फोटो काढताय? पडदे धुवायचे आहेत.”

बुधवार, ९ ऑक्टोबर

फजिती. नंदाला स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसवलं, दोन प्रतिमा नीट जुळवल्या, दाबलं. फोटो काळा. वेळ वाढवून पाहिली, काळा. आणखी वाढवली, काळाच. वैतागून शेवटी चकती A वर नेली. दाबल्यावर टक् झालं आणि पुढचं टक् काही येईना. कॅमेरा उघडाच्या उघडा आणि समोर नंदा हसू धरून बसलेली.

“अहो, गाल दुखायला लागले माझे.” मग थोड्या वेळानं, “ते पुढे काळं झाकण आहे ना, ते काढायचं नसतं का?”

लेन्समधून बघतच नसल्यामुळे या जातीच्या कॅमेऱ्यात झाकण राहिलं तरी डोळ्याला सगळं लख्ख दिसतं. बिचारा A अंधारात उजेड शोधत बसला होता. नंदा इतकी हसली की तिला खोकला आला. तो हसतानाचा फोटो झाकण काढून मिळाला असता, पण मी तेव्हा रागात होतो.

रविवार, १३ ऑक्टोबर

पहिला खरा फोटो. उजेड अचूक, फोकस अचूक, नंदा मेथी निवडतेय. पण रंग बिघडला. चेहरा पिवळट आलाय. स्वयंपाकघराला लिंबू रंगाचे पडदे आहेत, त्यांचीच झाक पडली असणार. पडदे काढून ठेवले. नंदाची कुरकुर की आता समोरच्या घरातले आपल्या ताटात बघणार. म्हटलं, बघू देत, कारलंच दिसेल.

रविवार, २० ऑक्टोबर

पडदे काढूनही पिवळट. नळीचा दिवा बंद करून पाहिला, गॅसजवळचा बल्ब काढून पाहिला. पुन्हा तेच. गंमत अशी की मागची भिंत पांढरी येते, स्टीलचे डबे जसेच्या तसे येतात, फक्त बाई पिवळी येते. असला दोष मी ऐकला नव्हता. बहुतेक त्वचेचा रंग या कॅमेऱ्याला झेपत नसावा. जर्मन लोकांनी जर्मन चेहऱ्यांवर बेतलाय, आपल्या गव्हाळ कातडीशी त्यांना काय करायचंय.

चिडचिड झाली. कौमुदीला ‘या आठवड्यात जमलं नाही’ एवढंच कळवलं. नंदाचीही तब्येत नरम होती. जेवण गेलं नाही, दुपारी पडून राहिली. पडदे धुण्याची दगदग.

रविवार, २७ ऑक्टोबर

शेजारचे रिज़वी साहेब चहाला आले. पूर्वी एका वर्तमानपत्रात फोटो काढायचे, तेव्हा सल्ला घ्यावा म्हणून फोटो दाखवले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेत. स्क्रीन नाकाशी नेऊन त्यांनी बघितलं.

“खांबेटे साहब, हमसे न पूछिए. हमें तो आजकल दूध भी पीला नज़र आता है. मगर एक बात कहूँ? आप ज़िद छोड़िए. ऑटो पे डाल दीजिए, सब कुछ. मशीन आपसे बेहतर जानती है. हमने भी उमर भर हाथ से किया, क्या मिला? कमरदर्द.”

नंदा आतून म्हणाली, “ऐका त्यांचं. तुम्ही कोणाचं ऐकत नाही.”

ऐकलं. चकती A वर, रंग ‘आपोआप’वर. लिहायलाही लाज वाटते, पण त्यानंतर काढलेले फोटो चांगले आले. उजेड तर माझ्याइतकाच बरोबर. पिवळेपणा गेला नाही, पण कमी झाला. काहींत दिसतो, काहींत नाही. यंत्र निदान प्रयत्न तरी करतंय.

सोमवार, ४ नोव्हेंबर

दिवाळी झाली. A वर टाकून दिल्यानं हात मोकळे झाले. पणत्या, रांगोळी, रिज़वी साहेबांची नात फुलबाजी घेऊन, सगळं टिपलं. नुसता चौकोन जुळवायचा आणि दाबायचं. इतकी वर्षं उगीच आकडेमोड करत होतो असं वाटायला लागलंय.

नंदानं चकल्या केल्या, पण तळणीचा वास सहन होत नाही म्हणून मधेच उठली. उरलेल्या मी तळल्या, म्हणजे जाळल्या. ती स्वतः एकही चकली खाईना. मराठी मंडळाच्या फराळालाही आली नाही. म्हणे अंगाला खाज सुटते, लोकांत खाजवत कुठे बसू. थंडी पडायला लागली की लखनौत सगळ्यांची कातडी कोरडी होते. खोबरेल तेल लावायला सांगितलं. अभ्यंगाच्या दिवशीच्या फोटोत ती पिवळीधमक आलीय. “उटण्याची हळद,” तीच म्हणाली. हे मात्र पटलं.

रविवार, १० नोव्हेंबर

सापडलं! उगीच पडदे काढले.

संगणकावर फोटोचा रंग सुधारायचा जो प्रोग्रॅम उल्हासनं घालून दिलाय, त्यात एक थेंबनळीचं चित्र आहे. ती नळी घेऊन फोटोतल्या एखाद्या वस्तूवर टिचकी मारायची आणि प्रोग्रॅमला सांगायचं की हे पांढरं धर. मग तो बाकीचे सगळे रंग त्या हिशेबानं सरकवतो. पहिल्यांदा भिंतीवर मारली, काहीच फरक नाही, कारण भिंत पांढरी होतीच. डब्यावर मारली, तेच. मग डोकं चालवलं. दोष चेहऱ्याच्या रंगात आहे तर पांढरं चेहऱ्यातलंच धरायला हवं. आणि माणसाच्या चेहऱ्यात पांढरं काय असतं? डोळ्यातलं पांढरं. ते सगळ्या जगात पांढरंच असतं, जर्मन असो की आपण.

नंदाचा डोळा मोठा करून बुबुळाच्या शेजारी टिचकी मारली. क्षणात पिवळेपणा गेला. नंदा दहा वर्षांनी लहान झाली. ओरडलोच. तिला हात धरून आणलं आणि दाखवलं.

“डोळे अगदी स्वच्छ आलेत हो,” म्हणाली. खुर्ची ओढून बसली आणि बराच वेळ बघत राहिली. फोटो फार आवडला तिला. ऑक्टोबरपासूनचे सगळे तसेच दुरुस्त करून कौमुदीला पाठवले. तिचं लगेच उत्तर, ‘आई कितनी फ्रेश लग रही है!’

रविवार, १७ नोव्हेंबर

नंदा बारीक झालीय आणि खरं सांगायचं तर फोटोला ते मानवलंय. गालाची हाडं छान उठून दिसतात, बाजूनं उजेड आला की फारच. तिला तसं म्हटलं तर म्हणाली, “ब्लाउज सगळे सैल झालेत, ते कोण आत घेणार?”

एक तक्रार. ती स्थिर बसत नाही. सारखी मनगट खाजवते, पोटऱ्या खाजवते. सकाळी धुकट उजेड असतो, A शटर बराच वेळ उघडं ठेवतो, आणि तेवढ्यात तिचा हात हलतो. तीन फोटोंत हाताच्या जागी नुसतं धुरकट फडकं. आवाज चढवला, “एक मिनिट हात स्थिर ठेवता येत नाही का तुला?” तिनं दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि बसली. तो चांगला आलाय.

हल्ली प्रत्येक फोटोनंतर विचारते, “कशी दिसते? ठीक ना?” माझ्या तोंडाकडे बघत विचारते. जन्मात नटली नाही आणि आता साठीत हौस आलीय. मी सांगतो, झकास. मग उठून कामाला लागते. काम म्हणजे हल्ली पडणंच जास्त.

रविवार, २४ नोव्हेंबर

आज तिला पांढरी चिकनच्या भरतकामाची साडी नेसायला लावली, कौमुदीनं अमीनाबादच्या बाजारातून घेऊन दिलेली. डोळ्याचं पांढरं धरून रंग दुरुस्त केला, चेहरा उत्तम. पण साडी निळसर आली, आणि भिंतही. नंदाला विचारलं, नीळ किती घातलीस साडीला?

“नीळ घातलीच नाही.”

“मग ही निळी कशी?”

“मला काय विचारता? तुमच्या मशीनला विचारा.”

विसरली असणार. हल्ली विसरते. भिंतीचं कारण मात्र कळत नाही. चुन्यातही नीळ घालतात, ती आता वर येत असेल.

डॉक्टरकडे जाऊ म्हटलं, खाजेसाठी. म्हणाली, वाढदिवस होऊ दे. मीही आग्रह केला नाही.

रविवार, १ डिसेंबर

जसं झालं तसं लिहितो.

अकराच्या सुमारास कौमुदीचा फोन आला. पुस्तकाची पानं लावायला घेतली होती.

“बाबा, ये दीवार नीली क्यों होती जा रही है?”

“कुठली भिंत?”

“किचन की. ऑक्टोबर के पेज पे ऑलमोस्ट सफ़ेद है. दिवाली में थोड़ी नीली. लास्ट वाले में तो एकदम आसमानी. हर पेज पे और नीली. पेंट करवाया क्या?”

मी हसलो आणि तिला माझी युक्ती ऐटीत सांगितली. कॅमेरा नंदाला पिवळं करतो, मग मी प्रोग्रॅममध्ये कसं दुरुस्त करतो, सगळं.

“व्हाइट किसको पकड़ा आपने?”

“डोळ्याला. आईच्या डोळ्यातल्या पांढऱ्याला.”

मग ती मराठीत बोलली. कौमुदी घाबरली की मराठीत बोलते, लहानपणापासून.

“बाबा, आई कुठे आहे?”

“स्वयंपाकघरात.”

“तिला गच्चीवर उन्हात घेऊन जा. कॅमेरा नको. फोन चालूच ठेवा. तिच्या डोळ्यांत बघा आणि मला सांगा, पांढरं आहे का.”

नंदा म्हणाली, भाजी करपेल. मी गॅस बंद केला आणि तिला जिन्यानं वर नेलं. अर्ध्या जिन्यात ती थांबली, कठड्याला धरून. याआधी कधी थांबत होती की नाही मला आठवेना. वर ऊन लख्ख होतं. तिचा चेहरा उन्हाकडे केला, अंगठ्यानं खालची पापणी ओढली. पिकत आलेल्या लिंबासारखं पिवळं होतं. कपाळ पिवळं होतं, गळा पिवळा होता, तळवे पिवळे होते. कातडीवर खाजवल्याच्या रेघा, काही ठिकाणी रक्त येऊन वाळलेलं.

कौमुदी फोनमध्ये विचारत होती, बाबा काय दिसतंय, बाबा बोला. नंदा माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, “पिवळं.”

विड्याच्या वेलीचं एक पान फिकं पडलं तरी बरेजाच्या, म्हणजे पानमळ्याच्या मांडवाच्या, दारातून मला दिसायचं. पानवाले शेतकरी लांबून न्यायला यायचे मला त्यासाठी. आणि ही माझ्यासमोर बसली होती, मी सांगेन तशी, हात मांडीखाली घेऊन.

कॅमेरा बरोबर होता. पहिल्या दिवसापासून बरोबर होता. मी उन्हाचं माप लावलं होतं आणि त्यानं दिसेल ते दाखवलं. मीच त्याला गप्प केलं.

बुधवार, ४ डिसेंबर

रक्त तपासलं. कावीळ आहे हे सांगायला रक्ताची गरजच नव्हती. डॉक्टरीणबाईंनी पोटावर हात ठेवला, सोनोग्राफी केली आणि मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे पोटाचा स्कॅन झाला. नंदाला वाटतंय की पाण्यातून झाली असेल. ती नर्सला सांगत होती की आमच्या सेक्टरात महिनाभर गढूळ पाणी येतं. मीही तेच धरून बसलोय. पाण्यातली कावीळ बरी होते.

शनिवार, ७ डिसेंबर

पाण्यातली नाही.

स्वादुपिंडात गाठ आहे. तिनं पित्ताची नळी दाबून धरलीय, म्हणून पिवळं. मोठ्या शिरेलाही वेढलंय, म्हणून कापून काढता येणार नाही. डॉक्टर तरुण आहेत, कागदावर चित्र काढून समजावलं. कौमुदी विमानानं आली होती, तिनं सगळे प्रश्न विचारले. मी एकच विचारला. दोन महिने आधी आलो असतो तर?

“कह नहीं सकते, सर.”

पुन्हा विचारलं. त्यांनी तेच उत्तर दिलं, मान खाली घालून. नाही म्हणाले असते तर मी त्यांचे पाय धरले असते. हो म्हणाले असते तरी एक वेळ परवडलं असतं.

आता नळीत एक बारीक जाळीदार पुंगळी बसवणार. पित्ताला वाट मिळेल, खाज थांबेल, रंग उतरेल. गाठ आहे तिथेच राहील.

इस्पितळाच्या जिन्यात कौमुदीनं ठरवून टाकलं. आईला इतक्यात काही सांगायचं नाही. पित्ताच्या नळीत खडा होता, तो काढला, एवढंच. वाढदिवस होऊ द्यायचा. मी मान हलवली. मी कोणत्या तोंडानं नाही म्हणणार होतो?

बुधवार, ११ डिसेंबर

पुंगळी बसवली. सगळं ठीक झालं.

दुपारी कौमुदी औषधं आणायला गेली तेव्हा आम्ही दोघंच होतो. नंदा जागी होती. मला राहवलं नाही. विचारलं, “तुला आरशात कधी दिसलं नाही?”

“दिसलं की. दिवाळीच्या आधीपासून दिसत होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

तिनं जरा आठवून सांगितलं. “तुम्ही एवढं निरखून बघत होतात. तो चौकोन माझ्या डोळ्यावर आणून बसायचात किती वेळ. लग्नानंतर इतकं कधी बघितलं नव्हतंत. मला आरशात वेगळं दिसायचं, पण म्हटलं, काही असतं तर तुम्हीच बोलला असतात. आणि मग फोटोत तर डोळे छान पांढरे यायचे.”

तो टोमणा नव्हता. तिला खरंच तसं वाटलं होतं. टोमणा असता तर मी उलट काहीतरी बोललो असतो, एवढ्या वर्षांची सवय आहे. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून रडलो. रिज़वी साहेब तिथे बाकावर बसले होते हे नंतर लक्षात आलं. ते उठून जवळ आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले, आणि मग म्हणाले, “चलिए, मुँह धो लीजिए. भाभी इंतज़ार कर रही होंगी.”

गुरुवार, २६ डिसेंबर

घरी आहे. खाज थांबली. रोज सकाळी तिला खिडकीशी नेऊन मी डोळे बघतो. पिवळेपणा उतरतोय, हे खरं आहे, मी आता भिंतीशी ताडून बघतो. ती वरणभात मागून खाते. कॅमेरा कपाटात आहे, बॅटरी काढून ठेवली.

कौमुदीनं कामावरून लांब सुट्टी घेतलीय. पुस्तक थांबवलंय म्हणाली. मी का म्हणून विचारलं नाही.

बुधवार, १५ जानेवारी २०१४

संक्रांतीला मंडळातल्या बायका तिळगूळ घेऊन आल्या. नंदाचा रंग पूर्ण परत आलाय. सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, आता कशी छान दिसतेस, खडा निघाला आणि सुटलीस बाई. नंदा हसली, त्यांना हळदीकुंकू दिलं. मी आत जाऊन उगाच पाणी प्यायलो.

मला आता त्या उजळलेल्या चेहऱ्याचीच भीती वाटते. पिवळा होता तेव्हा निदान तो काही सांगत होता. आता तिच्याकडे बघून कुणालाच काही कळणार नाही, तिलाही नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला पुन्हा एकदा पांढरं करून ठेवलंय. कौमुदीला तसं बोललो तर ती चिडली. “तो क्या करें बाबा, डरा दें उसको?” तिचंही चूक नाही. तिचे डोळे रडून सुजलेले असतात आणि आईला ती सर्दी सांगते.

रविवार, १९ जानेवारी

वाढदिवस. चार दिवसांचं धुकं आज दुपारी फाटलं. जेवणं झाल्यावर नंदा म्हणाली, गच्चीवर बसू. तिला हळूहळू वर नेलं, सतरंजी घातली. ती संत्रं सोलत बसली. कौमुदी खाली चहा टाकत होती.

“कॅमेरा नाही आणलात?”

“नाही.”

“आता तर मी दाखवण्यासारखी झालेय.”

मी तिच्याकडे बघितलं. उन्हात, नुसत्या डोळ्यांनी. पांढरं पांढरं होतं. गळ्याखाली हाडं वर आली होती, हातावर सुया टोचल्याचे डाग होते, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती, तशीच, नोव्हेंबरात बघायची तशी.

“कशी दिसते?”

“छान.”

“बरी झाले ना मी?”

मान हलवली की झालं असतं. जिन्यात कौमुदीला शब्द दिला होता. पण ती मला विचारत होती. त्या इस्पितळातल्या कुणाला नाही, कौमुदीला नाही.

“नाही,” मी म्हणालो.

तिनं संत्र्याची फोड हातात तशीच धरली. मी पुढचं सांगायला लागलो, गाठ, शीर, ते चित्र. तिनं मधेच थांबवलं. “एवढं पुरे. बाकीचं मला पोटात कळतं.” मी तिचा हात धरला. तो थंड होता, उन्हात बसूनही.

“कौमुदीला माहीत आहे?”

“हो. तिनंच ठरवलं, तुला सांगायचं नाही म्हणून.”

“मग तिला सांगू नका, मला कळलंय ते. तिला वाटतंय तिनं मला जपलंय. तेवढंच आहे पोरीच्या हातात.”

जिन्यात पावलं वाजली. नंदानं डोळे पुसले, फोड तोंडात टाकली आणि दुसरं संत्रं उचललं. कौमुदी चहाचा ट्रे घेऊन वर आली.

“क्या बातें हो रही हैं दोनों की?”

“काही नाही ग,” नंदा म्हणाली. “बाबांना सांगत होते, मी आता अगदी बरी झाले.”